आंबलेली खळ

कारखान्याचं दार उघडण्याआधीच वास यायचा. ओल्या पुठ्ठ्याचा, चामड्याचा, अनेक हातांत मळलेल्या कागदाचा, आणि या सगळ्यांच्या खाली, भिजून राहिलेल्या गादीसारखा पसरलेला शिजवलेल्या मैद्याचा. नवा माणूस पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावायचा. थोड्याच दिवसांत त्याच्या रुमालालाही तोच वास यायचा.

इथे पुस्तकं बांधत. नवी नव्हेत; नव्या पुस्तकांच्या पाठीला यंत्रं गरम गोंद फासतात आणि मोकळी होतात. इथे यायची ती मोठ्या ग्रंथालयांतली, मरायला टेकलेली पुस्तकं. पाठ मोडलेली, शिवण उसवलेली, बुरशीने निळी पडलेली. ती सोडवायची, पुसायची, फाटलेल्या जागी पातळ कागद डकवायचा, फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, पुन्हा शिवायचे आणि शेवटी चामड्यात बांधायचं. चामड्याचं काम एकाच माणसाकडे होतं. त्याला तोंडावर बाइंडर म्हणत आणि पाठीमागे अकडू.

हे नाव त्याच्या मानेमुळे पडलं होतं. ती वळत नसे. कोणी हाक मारली तर तो कमरेपासून अख्खा वळायचा, कपाट सरकवल्यासारखा. नव्या लोकांना वाटायचं, माणूस गर्विष्ठ आहे. जुन्यांना ठाऊक होतं की मान दुखते. पण गर्विष्ठही आहे, अशी त्यांची खात्री होती.

वाचणाऱ्या माणसांबद्दल त्याचं मत फार वाईट होतं. पुस्तक उलगडलं की त्यांचं सगळं बाहेर यायचं. पानांच्या घडीत अडकलेले केस. दात कोरून तिथेच ठेवलेली काडी. चिरडलेले ढेकूण, नखांच्या चंद्रकोरी, कुणाचा तरी वाळून काच झालेला शेंबूड. आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात तो तपकिरी डाग, थुंकी लावून पान उलटणाऱ्या बोटांचा. एकावर एक, पिढ्यानपिढ्यांची थुंकी. ‘विद्वान,’ तो ब्रशने कोपरा पुसत म्हणायचा. एवढा एकच शब्द. शेजारच्या टेबलावरची शिवणवाली हसून म्हणायची, “दादा, तुम्हाला पुस्तकं आवडतात की नाही, एकदा सांगून टाका.”

“बंद असली की आवडतात.”

दुखणं कधी सुरू झालं ते त्याला आठवत नव्हतं. आधी खांद्यात, मग मानेत, मग जबड्यात. सकाळी उठला की दातांवर दात असे घट्ट बसलेले असायचे की तोंड उघडताना कानाजवळ कट्‌ असा आवाज यायचा. पोटऱ्यांत गोळे. पाठीचे स्नायू लाकडासारखे. कुणी ओला दोर पिळून आत ठेवून दिलाय आणि तो रोज थोडा वाळतोय, असं वाटायचं. हाताची बोटं थंडीत आत वळायची, कोंबडीच्या कापलेल्या पायासारखी. तो त्यांच्याकडे बघायचा आणि त्याला स्वतःचीच शिसारी यायची. दुःख वगैरे नव्हतं ते. किळस होती. आपल्या कातडीखाली कुणीतरी दुसरंच, घामट आणि हट्टी जनावर राहतंय आणि आपण त्याला रोज पोसतोय, अशी.

उपाय सगळ्यांकडे होते. मेव्हण्याने एक तेल आणून दिलं. ते काळं होतं आणि त्याला जळलेल्या टायरचा वास होता.

“भाऊजी, चोळा आणि झोपा. सकाळी घोड्यासारखे पळाल.”

“घोड्याला हे लावतात का?”

“घोड्यालाच लावतात.”

ते लावून तो कामावर गेला तर मालकाने खोलीच्या त्या टोकावरून नाक वर केलं. तेलाचा अंगठा एका शीर्षकपानावर उमटला होता. मालक ते पान उजेडासमोर धरून बराच वेळ उभा राहिला. मग मालिशवाला झाला. त्याने कोपर खुपसून पाठीतल्या गाठी फोडायचा प्रयत्न केला, वर “केवढ्या गाठी आहेत साहेब, वा!” अशी दाद दिली. मग पट्टा झाला, गरम पाण्याची पिशवी झाली, झोपताना मानेखाली लाटण्याइतकी जाड गुंडाळी झाली. गाठी होत्या तिथेच राहिल्या.

थंडीच्या सुरुवातीला हात सुटला. चामडं कडेला पातळ करावं लागतं, नाहीतर घडीवर ते जाड बसतं. रापीचं धारदार पातं तिरकं धरायचं आणि कागदासारखा पापुद्रा काढत जायचं. त्याने आयुष्यभर हे केलं होतं. त्या दिवशी खांद्यातून एक कळ उतरली, मनगट उडालं, आणि रापी चामडं फाडून खालच्या पुस्तकात घुसली. पहिली काही पानं चिरली गेली.

मालक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चिरलेल्या पानांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “हे असं चालणार नाही बघ. थंडी संपेपर्यंत बघतो. हात ठीक झाला तर ठीक, नाहीतर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल. तुला काढत नाही मी. गोदामात बसवतो.”

गोदामात एक माणूस आधीच होता. तो तयार पुस्तकांचे गठ्ठे प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायचा आणि दिवसभर तोंडाने फुर्रफुर्र आवाज करत बसायचा. त्याच्या शेजारी बसायचं, त्याचं फुर्रफुर्र ऐकायचं, आणि आपल्या टेबलावर दुसऱ्याच कुणाच्या हातात आपली रापी. या विचाराने त्याच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

म्हणून तो डॉक्टरकडे गेला. बायकोने जबरदस्तीने नेला म्हणणं जास्त खरं.

डॉक्टरीण मध्यमवयीन होती. तिला सर्दी झाली होती, आणि कदाचित ती कायमच असावी. तिने त्याच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, हाडांचे फोटो काढले, आणि सगळे कागद टेबलावर पसरून म्हणाली, “यात काही सापडत नाही.”

“म्हणजे मी नाटक करतोय?”

“असं मी म्हटलं का?” तिने नाक पुसलं. “काही लोकांना गहू सोसत नाही. गव्हात ग्लुटेन असतं, चिकट भाग. एक आजार असतो, त्यात आतडंच खराब होतं. तो तुम्हाला नाही, तपासणीत दिसलं असतं. पण काहींना तो आजार नसतो आणि तरी गहू खाल्ला की त्रास होतो. कुणाचं पोट, कुणाचं डोकं. कुणाचे स्नायू दुखतात, आखडतात. तुमचं तसं असू शकतं. नसूही शकतं. यासाठी तपासणी नाही. सोडून बघायचं, एवढंच.”

“काय सोडायचं?”

“पोळी, पाव, बिस्किटं, केक, शेवया. गहू, मैदा असलेलं सगळं. काही आठवडे. तोंडात काय जातं यावर लक्ष ठेवा.” हे सांगताना तिने खणातला बिस्किटांचा पुडा काढला, एक तोंडात टाकलं आणि पुडा त्याच्यापुढे करता करता थांबली. “सॉरी,” ती म्हणाली. तिच्या ओठावर चुरा चिकटला होता. बाहेर येईपर्यंत तो त्या चुऱ्याकडेच बघत होता.

त्याची बायको वृद्धाश्रमात कामाला होती. ज्यांना स्वतःचं काहीच करता येत नाही अशा म्हाताऱ्यांना उचलणं, धुणं, पुसणं, कूस बदलणं, असं तिचं काम. या कामाने तिच्यातली किळस पार धुऊन नेली होती. लघवीची चादर आणि चहाचा डाग यांत तिला फारसा फरक वाटत नसे. जेवताजेवता ती सहज सांगायची, आज कुणी कुठे काय केलं. आणि तो चमचा खाली ठेवायचा. “अहो, माणसाचंच आहे ते,” ती म्हणायची. “आकाशातून नाही पडलं.” त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिच्या तोंडून ‘शी’ हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता.

तिने स्वयंपाकघर मोकळं केलं. पिठाचा डबा मेव्हण्याकडे गेला. पाव भाजायची जाळी, लाकडी फळी, फटींत पीठ बसलेली चाळणी, सगळं गेलं. सॉसच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं ती भिंग घेऊन वाचायची. तिला पाव फार आवडायचा, सकाळचा, कडक सालीचा. तिने तोही सोडला. “तुमच्यासमोर बसून खाऊ कशी?” ती म्हणाली. घरात भात, बटाटे, अंडी, भाज्या, मासे. त्याने तक्रार केली नाही. तो मुकाट्याने खायचा, आणि सकाळी उठून जबडा उघडायचा. कट्‌.

आठवडे गेले. काहीही झालं नाही. उलट जानेवारीत मान आणखी आवळली. शिवणवालीने नेहमीसारखी तिची सुई दोरा ओवायला त्याच्यापुढे केली तर तो म्हणाला, “आज नाही. आज बोटं माझं ऐकत नाहीत.” मालक दोनदा टेबलाजवळून त्याच्या बोटांकडे बघत गेला.

मग छत गळायला लागलं आणि दुरुस्तीसाठी कारखाना काही दिवस बंद राहिला. तो घरी होता. खिडकीजवळ बसून राहायचा, बायकोने ठेवलेलं खायचा, झोपायचा. कारखाना पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो बाथरूममधून ओरडला, “अगं, इकडे ये.” ती धावत गेली. तो आरशासमोर उभा होता. त्याने हनुवटी खांद्याकडे नेली. अर्ध्यापर्यंत गेली.

“बघितलंस?”

“बघितलं,” ती म्हणाली, आणि टॉवेलने डोळे पुसून टाकले, जणू पाणी उडालं होतं.

कारखाना सुरू झाला. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मान पुन्हा होती तिथे आली.

तिने यावर विचार केला. दिवसभर म्हाताऱ्यांना उचलताना तिच्याकडे विचार करायला भरपूर वेळ असायचा. घरी असताना बरं वाटतं. बाहेर गेलं की दुखतं. घरात गहू नाही. याचा अर्थ एकच होता, आणि तो तिला आवडला नाही.

त्या संध्याकाळी तो दारात चपला काढत होता. ती जवळ आली, अगदी तोंडाजवळ. त्याला वाटलं, हे काय या वयात. तिने श्वास घेतला.

“पिठाचा वास येतोय.”

“कसला?”

“तोंडाला. तुमच्या तोंडाला पिठाचा वास येतोय.”

“कारखान्यात खळ शिजते. कपड्यांना येणारच.”

“कपड्यांचा वास मला माहितीये. हा तोंडातून येतोय. काय खाल्लंत?”

“तू दिलेला डबा.”

“डब्यात भात होता.”

“मग भात खाल्ला!”

“भाताला आंबूस वास येत नाही.” तिचा आवाज वाढला नव्हता. “मी काही म्हणत नाही. खावंसं वाटलं असेल. पण तोंडावर खोटं नका बोलू. मी इथे भिंग घेऊन बाटल्या वाचते, आणि तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात उभं राहून पाव हादडता.”

“शपथ घेऊ का?”

“नको. म्हातारे रोज घेतात शपथा, गोळी गिळली म्हणून. आणि उशीखाली गोळ्या सापडतात.”

तो जेवला नाही. त्याला राग आला होता, पण रागाच्या खाली काहीतरी आणखी वाईट होतं. तिने त्याचं तोंड हुंगलं होतं. आश्रमात हुंगतात तसं. पलंगावर ती पाठ करून झोपली आणि तो छताकडे बघत पडला, कारण कुशीवर वळणं त्याला जमत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिने दुपारची सुट्टी घेतली आणि न सांगता कारखान्यात आली. पुढच्या दाराने नाही. गल्लीच्या बाजूला एक काचेची खिडकी होती, अर्धी पुठ्ठ्याने बुजवलेली. उरलेल्या अर्ध्या काचेतून त्याचं टेबल दिसायचं. तिला पाव बघायचा होता. कागदात गुंडाळलेला, खणात लपवलेला, चोरून तोडलेला पाव. तो एकदा बघितला की काय बोलायचं ते तिने बसमध्ये ठरवलं होतं.

पाव नव्हता. तो टेबलाशी एकटा उभा होता. समोर एक काळपट जाड पुस्तक उघडं, शेजारी खळीचा डबा. तो ब्रश डब्यात बुडवायचा, पानाच्या कडेवरून फिरवायचा, पातळ कागद ठेवायचा, बोटाने दाबायचा. ब्रश परत डब्यात. मग त्याने उजव्या हाताचं पहिलं बोट डब्यात घातलं, मोठा गोळा उचलला, आणि तोंडात घातलं. तो चोखत होता. पुढच्या दातांमध्ये काहीतरी चावून बघितल्यासारखं केलं, टाळूला जीभ लावली, डोळे बारीक केले. आणि गिळलं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली.

लगेच ब्रशवरून ओघळलेली खळ त्याने अंगठ्याने पुसली आणि अंगठाही चोखला.

“शी!”

काच बंद होती तरी त्याने ऐकलं. तो कमरेपासून वळला. खिडकीत बायको उभी होती आणि तिने तोंडावर हात धरला होता.

ती आत आली तेव्हा शिवणवाली चहाचा कप घेऊन परतत होती आणि मालकही त्याच्या खोलीतून डोकावला.

“काय खाताय हे?” बायको म्हणाली.

“काही नाही खात.”

“मी बघितलं!”

“ही खळ आहे गं.” त्याला खरंच कळत नव्हतं. “खळ बघावी लागते. आंबली की कागदाला खाते, पिवळा पाडते. गुठळी राहिली की पानावर फोड येतो. उस्तादाने शिकवलं तसं करतोय. जिभेवर घ्यायची, दातांत धरून बघायची. मागे आंबट लागली की फेकायची.”

“दुसरे लोक मोरचूद घालतात,” मालक मध्येच म्हणाला. “मग आंबत नाही. आपण घालत नाही. जुन्या कागदावर हिरवे डाग पडतात.” हे सांगायला तो का आला, हे त्यालाही कळलं नाही.

“आणि गिळता?”

“मग थुंकू कुठे? इथे पुस्तकं आहेत.”

“कशाची असते ही?”

तो डब्याकडे बघत राहिला. जन्मात पहिल्यांदाच बघितल्यासारखा.

“मैद्याची,” शिवणवाली हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तोंडात काय जातं यावर लक्ष ठेवा. त्याने खाण्यावर प्रामाणिकपणे लक्ष ठेवलं होतं. खळ हे खाणं नव्हतं. खळ हत्यार होतं, रापीसारखं, हातोडीसारखं. हातोडी खाल्ली का असं कोणी विचारलं असतं तर त्याने जितकं मनापासून नाही म्हटलं असतं, तितक्याच मनापासून तो घरी बायकोला नाही म्हणाला होता.

“दिवसातून किती वेळा?” बायकोने विचारलं.

“मोजतं का कोणी?”

“सारखं चालू असतं,” शिवणवाली म्हणाली. “मला वाटायचं, सगळेच बाइंडर करतात.”

बायकोचा राग उतरला होता, पण तोंडावरचा भाव तसाच होता. ती डब्यात वाकली. पांढरट, तकतकीत लगदा. त्यात ब्रशचा एक केस, कागदाचे कण, आणि काहीतरी बारीक काळं.

“हा ब्रश त्या पानांवरून फिरतो ना?” ती म्हणाली. “तुम्हीच सांगता घरी येऊन. लोकांची थुंकी, शेंबूड, उंदराच्या लेंड्या. सगळं ब्रशला लागून इथे परत येतं. आणि तुम्ही ते...” तिला पुढे बोलवेना. कुणाचंही काहीही पुसणारी ती बाई, तिला उमळून आलं. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

तो जागचा हलला नाही. जिभेवर अजून ती चव होती, कोमट, आंबटगोड, इतक्या वर्षांची ओळखीची. ती चव त्याच क्षणी बदलायला लागली.

त्या दिवसापासून त्याने बोट तोंडात घालणं बंद केलं. बंद करणं सोपं नव्हतं. बोट आपोआप ओठांपर्यंत जायचं. शिवणवाली तिच्या टेबलावरून “दादाऽ!” अशी हाळी द्यायची आणि तो दचकून हात खाली घ्यायचा. मग तिने त्याच्या बोटाला साबणाचं पाणी लावून ठेवायला सुचवलं, लहान मुलांची अंगठा चोखायची सवय मोडतात तसं. “नाहीतर मेव्हण्यांचं घोड्याचं तेल लावा,” ती म्हणाली. त्याने खरंच तेच लावलं असतं, पुस्तकांना डाग पडले नसते तर.

थंडी ओसरत गेली तसं दुखणंही ओसरत गेलं. एका झटक्यात नाही. आधी जबडा सुटला. मग एका सकाळी पोटऱ्यांत गोळा आला नाही. बोटं सरळ राहायला लागली. दोर होता, पण कुणीतरी पीळ उलटा फिरवत होतं.

डॉक्टरीणबाईंना खळीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या नाक पुसायचं विसरल्या. “कागद डकवायची खळ? तीच ती?” मग सावरून म्हणाल्या, “एवढ्याने फरक पडत असेल का, सांगता येत नाही. पडू शकतो. थंडीही कमी झालीये. काळजी कमी झाली की स्नायू सैल होतात. नक्कीच कळून घ्यायचं असेल तर पुन्हा सुरू करून बघायचं. दुखणं परत आलं तर समजायचं.”

हे वाक्य त्याने मालकाला सांगायला नको होतं. पण मालकाने विचारलं, आणि त्याला खोटं बोलता येत नसे.

मालकाची अडचण खरी होती. आता खळ तपासणार कोण? एकदा त्याने स्वतः बोटाच्या टोकावर थेंबभर घेतली, जिभेला लावली, आणि मोरीवर जाऊन तीन पेले पाण्याने चुळा भरल्या. नुसत्या वासाने आंबूसपणा उशिरा कळतो. एका पुस्तकाची पानं पिवळी पडली होती. तांदळाच्या पिठाची खळही होते, पण तिची पकड वेगळी, ती शिजवायची रीत वेगळी, सगळं नव्याने शिकायचं.

एक दिवस मालक टेबलाजवळ आला. हातात ताज्या मैद्याच्या खळीची वाटी.

“थंडी संपली,” तो म्हणाला.

“संपली.”

“हात?”

“बरा आहे.”

“माझं ऐक. वाईट वाटून घेऊ नकोस. एवढ्यासाठी मी सगळी पद्धत बदलायची, आणि उद्या कळायचं की तुझं दुखणं नुसतं थंडीचं होतं. ती डॉक्टरीण म्हणाली ना, पुन्हा करून बघितलं तर कळेल? मग कर. आठवडाभर पूर्वीसारखी चाख. मान आखडली, तर उद्याच्या उद्या तांदूळ आणतो आणि टेबल तुझं. नाही आखडली, तर मैदा, आणि टेबल तरी तुझंच. यात तुझं काही जात नाही.”

बोलणं रास्त होतं. अकडूला त्यात खोट काढता येईना. खरं म्हणजे त्यालाही जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं आत बसलेलं ते जनावर नेमकं कशावर पोसलं गेलं, हे कुणाला कळायला नको असतं?

त्याने हातातलं चामडं बाजूला ठेवलं. बोट वाटीत घातलं. खळ छान शिजली होती, बोटावरून सावकाश ओघळत होती. शिवणवालीने सुई थांबवली.

त्याने बोट तोंडात घातलं.

आधी काही झालं नाही. मग चव आली, आणि चवीच्या मागोमाग सगळं आलं. तपकिरी कोपरे. एकेक ओलं बोट, पान उलटायच्या आधी जिभेवर फिरणारं. कुणाचा खोकला, कुणाचं पू आलेलं नख, कुणाचे किडके दात, पिढ्यानपिढ्या वाचत बसलेली सगळी विद्वान तोंडं, आणि शेवटी त्या सगळ्यांना पुसून घेऊन चोखणारं त्याचं स्वतःचं तोंड. ज्यांची त्याला आयुष्यभर किळस आली, त्यांचं उष्टं तो आयुष्यभर खात होता. वाटीतली खळ ताजी होती, तिला अजून एकही पुस्तक लागलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. पोटाला माहीत नव्हतं.

त्याने घाईने तोंड टेबलावरून बाजूला नेलं आणि कचऱ्याच्या टोपलीत भडाभडा ओकला. सकाळचा भात, अंडं, चहा. टोपली पुरली नाही. मालकाच्या बुटांवर उडालं.

“पुस्तक!” मालक ओरडला. “पुस्तक वाचलं का?”

“वाचलं,” शिवणवाली म्हणाली. ती खिडकी उघडत होती.

तो गुडघ्यांवर बसून धापा टाकत राहिला. मग बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, “मला नाही कळून घ्यायचं.”

“काय?”

“गव्हाने होतं का कशाने होतं. तुम्हाला हवं असेल तर गोदामात बसवा. हे मी परत तोंडात घालणार नाही.”

मालकाने आपल्या बुटांकडे बघितलं. मग त्याने टेबलावरचं ते चामडं उचललं, अर्धवट पातळ केलेलं. खिडकीपाशी नेलं. कडेवरून अंगठा फिरवला, उजेडासमोर धरला. कडा सगळीकडून सारखी होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्याने ते परत जागेवर ठेवलं.

“आधी हे पूस,” तो म्हणाला. “मग हे पूर्ण कर. परवा द्यायचंय.” दारापर्यंत जाऊन तो थांबला. “तांदळाची किती शिजवायची असते, माहितीये का तुला?”

“नाही. शिकावं लागेल.”

“आणि आंबली तर?”

“रोज ताजी करायची. उरली की फेकायची.”

“फेकायची,” मालकाने तोंड वाकडं केलं आणि चिकटणारे बूट आपटत निघून गेला.

त्याने फरशी पुसली. दोनदा. दुसऱ्यांदा शिवणवालीने पाणी ओतलं. “मी करते दादा,” ती म्हणाली होती, पण तिचं नाक मुरडलेलं त्याला दिसलं आणि त्याने फडकं सोडलं नाही.

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं. तो सगळं सांगत होता आणि ती ऐकत होती. ओकारीच्या भागाला ती हसली. तिला तो भाग साधा वाटला.

“म्हणजे कळलं नाहीच की,” ती म्हणाली. “गव्हामुळे होतं का ते.”

“नाही कळलं.”

“आणि टेबल?”

“राहिलं.”

तिने भाताचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. आज भात जास्त शिजला होता, मऊ, गिच्च. त्याने चमचा रोवला तर तो उभाच राहिला. बाहेर काढला तेव्हा भाताचा गोळा त्याला चिकटून वर आला, पांढरा, तकतकीत, सावकाश ओघळणारा.

तो बघत राहिला.

“अगं,” तो म्हणाला, “बटाटा उरलाय का?”